विचारा मोकळेपणाने: 1 मे, कुरडया आणि मावशींची सुट्टी

या वेळी पत्रं आणि मेसेज इतके आलेत की काही पुढच्या अंकासाठी ठेवावे लागले, रागवू नका. निम्मे प्रश्न उन्हाळ्याच्या कामांचे आहेत, कुरडया, वर्षाचं धान्य, आमरस, माठ, आणि बाकीचे बरेचसे 1 मे या तारखेबद्दलचे. नेहमी मी स्वयंपाकाचे प्रश्न वेगळे आणि दिनविशेषाचे वेगळे करते, पण यावेळी वाचता वाचता वाटायला लागलं की हे सगळे हाताने करायच्या कामाबद्दलचेच प्रश्न आहेत, मग कप्पे कशाला पाडायचे. एकापाठोपाठ एक उत्तरं देतेय.

प्रश्न: माझा मुलगा सातवीत आहे. त्याने विचारलं, 1 मे ला महाराष्ट्र दिन पण आणि कामगार दिन पण, असं कसं? मला धड सांगता आलं नाही. – एक आई, चिंचवड

ताई, आधी कामगार दिनाचं सांगा कारण तो जुना आहे. 1 मे 1886 ला अमेरिकेत कामगारांनी मोठा संप केला, मागणी एकच, दिवसाला आठ तासच काम. शिकागो त्याचं मुख्य ठिकाण. तिथे 4 मे ला हेमार्केट चौकातल्या सभेत बॉम्ब फुटला, गोळीबार झाला, नंतर खटला चालला आणि पुढच्या वर्षी चार कामगार पुढाऱ्यांना फाशी दिली. त्यांची आठवण म्हणून 1889 मध्ये पॅरिसच्या परिषदेत ठरलं की 1 मे हा कामगारांचा दिवस पाळायचा. आपल्या देशात तो पहिल्यांदा 1923 मध्ये मद्रासला साजरा झाला, सिंगारवेलू चेट्टियार यांनी केला. मुलाला एवढं सांगा की आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास स्वतःचे, ही मागणी होती, त्याला पटकन कळेल, कारण त्याच्या शाळा-क्लासचे तास मोजले तर तोही विचारात पडेल.

आता महाराष्ट्र दिन. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठी आणि गुजराती भाषिकांचं एकच मोठं द्वैभाषिक मुंबई राज्य केलं होतं, त्याच्या आधी तर मुंबई वेगळी काढून केंद्राच्या ताब्यात द्यायचं चाललं होतं. मराठी माणसांना हे मान्य नव्हतं. 21 नोव्हेंबर 1955 ला फ्लोरा फाउंटनला मोर्चावर गोळीबार झाला, मग जानेवारी 1956 मध्ये तर मुंबईभर गोळीबार झाले आणि सगळ्यात जास्त माणसं त्याच दिवसांत गेली. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी याच प्रश्नावर केंद्रातलं मंत्रिपद सोडलं. संयुक्त महाराष्ट्र समितीत एस. एम. जोशी, डांगे, अत्रे, प्रबोधनकार, सेनापती बापट, एरवी एकमेकांशी पटणार नाही अशी माणसं एकत्र आली. शेवटी 1 मे 1960 ला महाराष्ट्र आणि गुजरात अशी दोन राज्यं झाली, मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली आणि यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री. हुतात्म्यांचा आकडा आपण 105 असा ऐकत मोठे झालो, काही ठिकाणी 106 किंवा 107 असाही लिहितात. फ्लोरा फाउंटनचा हुतात्मा चौक झाला तो त्यांच्यासाठीच.

आणि दोन्ही दिवस भेटतात ते इथे: त्या मोर्चांत चालणारी माणसं मोठ्या प्रमाणात गिरणी कामगार होती. लालबाग, परळ, शिवडी, काळाचौकी इथल्या चाळींमधून निघून ती फोर्टपर्यंत चालत जायची. शाहीर अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांची गाणी त्यांच्याच तोंडी होती. म्हणजे राज्य मिळवणाऱ्यांत कामगार मोठ्या संख्येने होते, हे मुलाला जरूर सांगा, पुस्तकात एका ओळीत उरकतात ते.

प्रश्न: आमच्याकडे बारा वर्षं भांडी-फरशीला मावशी येतात. 1 मे ला नवऱ्याला सुट्टी, मला सुट्टी, मावशींना नाही. मी सुट्टी देते म्हटलं तर सोसायटीतल्या बायका म्हणतात सवय लावू नकोस. तुमचं मत काय? – कोथरूड, पुणे

द्या. पगारी द्या, आणि नुसती 1 मे ची नाही, आठवड्याची एक सुट्टी पण ठरवून द्या. मी हे अगदी मनापासून सांगतेय आणि यात मला दुसरी बाजू दिसत नाही.

तुम्हाला एक सांगते. मुंबईच्या गिरण्यांमध्ये पूर्वी आठवड्याची सुट्टीच नव्हती. पहाटे भोंगा झाला की आत आणि अंधार पडला की बाहेर, असे महिनेच्या महिने. नारायण मेघाजी लोखंडे म्हणून होते, जोतीरावांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक, त्यांनी कामगारांना एकत्र करून सभा घेतल्या, अर्ज केले आणि 1890 मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. तेव्हासुद्धा मालक हेच म्हणत असणार ना की सवय लागेल. आज आपण रविवारी उशिरा उठतो तेव्हा ती सुट्टी कोणीतरी मागून घेतलेली आहे हे आपल्या लक्षात पण येत नाही.

आणि तुम्ही पुण्याच्या आहात म्हणून मुद्दाम सांगते, 1980 मध्ये पुण्यातच मोलकरणींनी संप केला होता. घरोघरी एकेकटं काम करणाऱ्या बायका, एकीची दुसरीशी ओळख नाही, कारखान्यासारखं एक गेट नाही की तिथे सगळ्या जमतील, तरी त्या एकत्र आल्या आणि पगारवाढ आणि सुट्टी मागितली. त्यातून संघटना उभी राहिली. पुढे 2008 मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. तुमच्या मावशींची त्यात नोंदणी झाली आहे का ते विचारा, नसेल तर कागदपत्रं जमवायला मदत करा, आधार कार्ड, फोटो, आणि तुम्ही कामाचा दाखला लिहून द्यायचा असतो तो. हा दाखला द्यायला बऱ्याच घरांत टाळाटाळ करतात, तुम्ही करू नका.

सवयीचं म्हणाल तर बारा वर्षं रोज येण्याची सवय मावशींनी तुम्हाला लावलीच आहे की. फक्त एक करा, सुट्टी आदल्या दिवशी संध्याकाळी सांगू नका, चार-पाच दिवस आधी सांगा, म्हणजे त्यांना गावाला जायचं असेल, लेकीकडे जायचं असेल तर ठरवता येतं. आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी दोन दिवसांची भांडी साठवून ठेवू नका, नाहीतर ती सुट्टी सुट्टी राहत नाही, काम फक्त पुढे ढकललं जातं.

प्रश्न: पहिल्यांदाच कुरडया घालतेय, आई नाही आता विचारायला. गेल्या वर्षी केल्या तर लालसर झाल्या आणि वाळल्यावर तुकडे तुकडे. कुठे चुकलं? – नगर जिल्हा

अगं, विचारायला आई नाही हे वाचून गलबलून आलं. नीट सांगते, सावकाश वाच, कागदावर उतरवून घे.

एक किलो गहू घे, चांगले जाडसर. स्वच्छ धुऊन भिजत घाल, तीन दिवस. रोज पाणी बदलायचं, आणि ऊन फार असेल तर दिवसातून दोनदा बदललेलं बरं. लाल पडण्याचं मुख्य कारण इथेच असतं, पाणी बदललं नाही की गहू जास्त आंबतात आणि चिकाला रंग आणि उग्र वास दोन्ही येतात. थोडा आंबूस वास येणारच, त्याला घाबरू नको. चौथ्या दिवशी एक दाणा चिमटीत दाबून बघ, पांढरं दूध पचकन बाहेर आलं आणि हातात नुसतं साल राहिलं की झाले तयार.

मग वाटायचे. पूर्वी पाट्यावर, आता मिक्सरला, पाणी घालून. वाटलेलं पातळ फडक्यातून गाळायचं, चोथा परत पाण्यात कालवून परत पिळायचा, दोन-तीन वेळा. चोथा टाकू नको, त्यात तिखट, मीठ, जिरं घालून त्याच्याही वड्या घालतात, तळून छान लागतात. गाळलेलं पाणी मोठ्या पातेल्यात रात्रभर झाकून ठेव, अजिबात हलवायचं नाही. सकाळी वर पिवळट पाणी आणि खाली घट्ट पांढरा चीक बसलेला दिसेल. वरचं पाणी हलक्या हाताने ओतून दे, सगळं. ते पाणी राहिलं तरी कुरडईला रंग येतो, म्हणजे लाल पडायची ही दुसरी जागा.

आता मापाचं. घट्ट चीक जेवढ्या वाट्या भरेल तेवढ्याच वाट्या पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळायला ठेव. त्यात मीठ, थोडा हिंग, चमचाभर तेल. मीठ आपल्या जिभेला जरा कमीच वाटेल एवढं घाल, कारण वाळल्यावर कुरडई खारट होते. पाणी खळखळलं की गॅस बारीक कर आणि एका हाताने चीक ओत, दुसऱ्या हाताने लाटण्याने किंवा लाकडी दांड्याने सतत हलवत राहा. हे एकटीने करू नको, कोणीतरी बरोबर घे, हात भरून येतात. आधी सगळं पांढरं असतं, मग हळूहळू गोळा जमायला लागतो आणि रंग बदलतो, पांढऱ्याचा काचेसारखा चकचकीत होतो. तसा झाला की झाकण ठेवून मंद गॅसवर दहा-बारा मिनिटं वाफ दे, मधे एकदा खालून वर हलव. तुझ्या कुरडया तुटल्या त्या इथे कच्च्या राहिल्यामुळे. बोट पाण्यात बुडवून गोळ्याला लावून बघ, चिकटलं नाही तर शिजला.

आणि घालायच्या गरम असतानाच. गोळा गार झाला की सोऱ्यातून पडताना तार तुटते, मग वाळल्यावर पण तुटणारच. थोडं थोडं काढून घे, बाकीचं झाकून ठेव. जुनी धुतलेली सुती साडी नाहीतर प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्याच्यावर घाल, सकाळी नऊच्या आत झाल्या तर दिवसभराचं ऊन मिळतं. ओल्या असताना उचलायला जाऊ नको, संध्याकाळी वरून कोरड्या झाल्या की पालथ्या घाल, दुसऱ्या दिवशी परत कडक ऊन. हातात धरून मोडली की कटकन आवाज आला पाहिजे, लवली तर अजून एक दिवस.

आमच्या चाळीच्या गच्चीवर एप्रिल-मे मध्ये हीच सगळी वाळवणं असायची, आणि आम्हा पोरांचं काम म्हणजे काठी घेऊन कावळे हाकायचे, त्याची मजुरी गरम चीक, वाटीत घालून, वर दूध आणि साखर. अजूनही मला कुरडईपेक्षा तो चीकच जास्त आवडतो. तू पण घालायच्या आधी एक वाटी स्वतःसाठी बाजूला काढ.

प्रश्न: आमच्या जालन्याचा पण वाढदिवस 1 मे लाच असतो असं वडील म्हणतात, खरं का? अजून काय काय झालंय या तारखेला? – जालना

खरं आहे. जालना जिल्हा 1 मे 1981 ला झाला, औरंगाबादमधून वेगळा काढून. त्याच दिवशी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग झाला. आणि 1 मे 1999 ला परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया. आपल्याकडे नवं काही सुरू करायचं तर ही तारीख धरायची अशी पद्धतच पडली आहे, जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांचं आजचं रूप पण 1 मे 1962 पासूनचं. बाकी 1897 मध्ये याच तारखेला विवेकानंदांनी कोलकात्यात रामकृष्ण मिशन सुरू केलं. आणि जन्म म्हणाल तर दोन माझे फार आवडते, बलराज साहनी 1913 चे आणि मन्ना डे 1919 चे. मन्ना डे बंगाली, पण मराठीत गायले तेव्हा उच्चारांवर बोट ठेवायला जागा ठेवली नाही. दुपारी आंबे कापत असाल तेव्हा लावा.

प्रश्न: आमरसात वेलची घालायची की नाही यावर आमच्या घरी दर वर्षी वाद. – इचलकरंजी

हापूस असेल तर काही घालू नका, त्याचा स्वतःचा वास आहे. पायरी असेल तर चिमूटभर वेलची चालेल, गोटी आंब्याच्या रसाला थोडी सुंठ घाला. वर साजूक तूप आणि मिरपूड घेणारी घरं आहेत, त्यांना रस बाधत नाही असा अनुभव आहे. आणि आंबे खायच्या आधी तासभर पाण्यात बुडवून ठेवा. बास.

प्रश्न: वर्षाचे गहू आणि तूरडाळ भरलीय, पण दर वर्षी सप्टेंबरपर्यंत पोरकिडे होतात. औषधाची पुडी ठेवायची नाहीये. – बार्शी

पुडी नको हे बरोबरच, घरात लहान मुलं असली की ती भीतीच वाटते.

बहुतेक जण एक चूक करतात, आणि मी पण बरीच वर्षं करत होते. गहू दोन-तीन दिवस कडक उन्हात घालतो आणि संध्याकाळी गरम गरमच कोठीत भरून झाकण लावून टाकतो. आत ते गार होताना घाम सुटतो, पातेल्याच्या झाकणाला सुटतो तसाच, ओल येते आणि किड्याला ओलच पाहिजे असते. म्हणून उन्हातून आणलेलं धान्य रात्रभर घरात चादरीवर पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि सकाळी भरा. कोठी पण आधी धुऊन, दोन दिवस उन्हात उपडी घालून, आतल्या सांध्यात गेल्या वर्षीचं पीठ-भुसा अडकलेला असतो तो ब्रशने काढून घ्या, कारण किडा बाहेरून येतो तसा तिथूनही येतो. मग थरावर थर कडुनिंबाचा पाला, पण पाला सावलीत वाळवलेला, ओला घातला तर उलटच होतं.

तूरडाळीला एरंडेल. परातीत थोडी थोडी डाळ घ्यायची, तळहाताला एरंडेल लावायचं आणि दोन्ही हातांनी चोळायची, प्रत्येक डाळीला नुसती चमक आली पाहिजे, तेलकट वाटायला नको. मग एक दिवस ऊन, परत गार करून डब्यात. शिजवायच्या आधी गरम पाण्याने दोनदा धुतली की तेल निघून जातं. आणि घेताना कोरडा हात, कोरडा डबा, पावसाळ्यात तर नक्कीच, ओल्या हाताने एकदा डाळ काढली की अख्खा डबा जातो.

प्रश्न: मुंबईत नोकरीला आलेय, शेअरिंगमध्ये राहते, एक गॅस आणि एक कढई. रात्री आठला घरी येते, रोज बाहेरचं खाऊन पोट बिघडलंय. काय करू? – परळ

परळ वाचलं आणि मला आमची चाळच दिसली. आधी पिठलं शिकून घे, वीस मिनिटांत होतं आणि वर्षभर रोज केलं तरी पोटाला त्रास नाही.

एक वाटी बेसन, अडीच ते तीन वाट्या पाणी. बेसन आधी थोड्या गार पाण्यात कालवून घे, बोटाने गुठळ्या फोडून, गरम पाण्यात कोरडं पीठ टाकलंस तर गुठळ्या होणारच. कढईत दोन चमचे तेल, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, ठेचलेल्या सहा-सात लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, लसूण लाल झाला की एक बारीक चिरलेला कांदा, तो मऊ झाला की हळद आणि उरलेलं पाणी, मीठ. उकळी आली की कालवलेलं बेसन हलवत हलवत घाल, झाकण ठेव आणि बारीक गॅसवर सात-आठ मिनिटं. कच्चा वास गेला पाहिजे, तीच खूण. वर कोथिंबीर. भाकरी जमत नसेल तर भाकरी पोळी-भाजी केंद्रातून घे, परळला गल्लोगल्ली आहेत, आणि पिठलं घरचं.

ही केंद्रं बघतेस ना, त्याच्या आधी तिथे खानावळी होत्या. दुकानातल्या नाही, घरातल्या. गिरणीत कामाला असलेले, गावाला बायको-पोरं ठेवून आलेले पुरुष, एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपायचे, त्यांना जेवू घालणाऱ्या बायका चाळीतच राहायच्या. माझी आजी त्यातलीच. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तिच्याकडे अठरा जण जेवायचे, पहिल्या पाळीचे पहाटे, दुसऱ्या पाळीचे दुपारच्या आधी, रातपाळीचे संध्याकाळी, म्हणजे तिची चूल तीन पाळ्यांत चालायची आणि पाळी बदलून घ्यायला तिच्या जागी दुसरं कोणी नाही. भिंतीला खिळ्यावर एक वही टांगलेली असायची, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. आजीला लिहिता येत नव्हतं, ती प्रत्येकाच्या पानावर उभी रेघ मारायची, गावाला गेला तर आडवी, पगार झाला की रेघा मोजून पैसे. किराणा मात्र उधारीवर, आणि सावकाराचं व्याज चालूच. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच बायकांसाठी, त्यांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं, सावकाराच्या दारात जायची गरज कमी झाली. मग 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी. पगार नाही तर खानावळीचे पैसे कुठून. आजीने कोणाचंच ताट बंद केलं नाही, जमेल तेवढे महिने, भाताचं प्रमाण वाढवलं, डाळ पातळ केली, पण बंद नाही केलं. त्या वहीत शेवटच्या पानांवर नुसत्या रेघाच आहेत, खाली बेरीज नाही. वही माझ्याकडे आहे.

तू जिथे राहतेस तिथल्या टॉवरखाली कुठलीतरी गिरणी असणार, शेजारी कोणी जुनं माणूस भेटलं तर विचार कुठली ते.

प्रश्न: नवा माठ आणलाय पण पाणी गारच होत नाही. – विरार

माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर येऊन त्याची वाफ होते आणि वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता जाते, म्हणून गार होतं. तुम्ही समुद्राजवळ आहात, हवा दमट, त्यामुळे नागपूर-अकोल्यासारखं गार होणार नाही हे आधीच सांगते. पण खिडकीपाशी वारा लागेल अशा जागी ठेवा, कोपऱ्यात कोंडू नका, खाली रिंग किंवा वाळूची परात, आणि बाहेरून ओलं फडकं गुंडाळा. साबणाने घासू नका, छिद्रं बुजतात. आतून नुसत्या हाताने आणि पाण्याने धुवा.

प्रश्न: बावीस वर्षं संसार झाला. यंदा 1 मे ला मी घरात सुट्टी घ्यायची ठरवलीय, स्वयंपाक अजिबात करणार नाही. नवरा आणि मुलगा (वय 16) दोघं तयार आहेत पण दोघांनाही काही येत नाही. जमेल असं काहीतरी सांगा. – सातारा

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि शेजारणीला पण वाचून दाखवलं. गृहिणीच्या कामाला पगार नाही, पाळी नाही, रविवारची सुट्टी तर लोखंडेंनाही मिळवून देता आली नसती, ती तुमची तुम्हीच घेताय, फार चांगलं केलंत.

दोघांसाठी लिहितेय, हे कापून ओट्याजवळ चिकटवा. मुगाची खिचडी, तिघांना पुरेल. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी मुगाची डाळ, दोन्ही एकत्र तीन वेळा धुऊन अर्धा तास भिजत ठेवा. कुकरमध्येच दोन मोठे चमचे तेल, गॅस मध्यम, मोहरी टाका, तडतडायची थांबेपर्यंत थांबा, मग जिरं, चिमूटभर हिंग, कढीपत्ता, एक कांदा, एक टोमॅटो, अर्धा चमचा हळद, एक चमचा गोडा मसाला. भिजलेले डाळ-तांदूळ पाणी काढून त्यात घाला, दोन मिनिटं परता. त्याच वाटीने साडेचार वाट्या गरम पाणी, दीड चमचा मीठ. झाकण लावायच्या आधी शिट्टीचं भोक आणि रबर बघा, तीन शिट्ट्या, मग गॅस बंद, आणि प्रेशर आपोआप उतरल्यावरच उघडायचं, शिट्टी उचलून वाफ काढायची नाही. बरोबर पापड भाजा, चिमट्याने, आणि दही. तूप प्रत्येकाने आपापलं वाढून घ्या.

तुम्हाला एकच विनंती, त्या वेळी स्वयंपाकघरात जाऊ नका. हिंगाचा डबा कुठे आहे हे बाहेरून ओरडून सांगायचं पण नाही, आदल्या दिवशी मुलाला बरोबर घेऊन सगळे डबे उघडून दाखवा आणि त्याच्याकडूनच कागदाच्या चिठ्ठ्या लावून घ्या. आणि नंतर कुकर, कढई, ओटा, गॅसच्या जाळ्या हे कोण घासणार ते पण आदल्या दिवशीच ठरवून टाका, तुमच्या मावशींना तर सुट्टी दिलेली असेल ना.